तेरा पट्ट्यांचं बेस पेडल घरी बनवताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

गेल्या दोन पावसाळ्यांत कुडाळ-मालवण भागातून माझ्याकडे पाच अर्धवट बेस पेडलं, म्हणजे पायाने खर्ज वाजवायच्या लाकडी पट्ट्यांची खोकी, आली. पाचही पेडलांचं सर्किट चालू होतं. लाकूड मात्र एकाचंही धड नव्हतं. कुणाची पट्टी दाबली की शेजारची घेऊन खाली जायची, कुणाची वर यायलाच तयार नव्हती, आणि एकाच्या स्प्रिंगा एका श्रावणात गंजून तुटल्या होत्या. पाचही जणांनी काम उलट्या टोकाने सुरू केलं होतं. आधी बोर्ड आणि सेन्सर मागवले, टेबलावर सूर वाजवून बघितला आणि मग सुताराकडे गेले.

या कामात इलेक्ट्रॉनिक्स दोन संध्याकाळींचं आहे. लाकूड, स्प्रिंग आणि समुद्राची हवा यांना दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी बैठक, मग लाकूड, मग एकच पट्टी, मग तेरा, मग स्विच, वायर, प्रोग्रॅम आणि शेवटी आवाज.

आपण बनवणार आहोत ते यंत्र स्वतः आवाज काढत नाही. तेरा पट्ट्या पायाने दाबायच्या आणि त्यांतून मिडी संदेश, म्हणजे कुठला सूर सुरू किंवा बंद करायचा हे सांगणारे डिजिटल संदेश, फोनला, लॅपटॉपला किंवा कीबोर्डला जायचे. खर्जाचा सूर तिकडे वाजतो. पायाखाली येणाऱ्या लाकडी दांडीला मी पट्टी म्हणेन आणि सुरांची नावं पेटीवाल्यांचीच ठेवेन: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, वगैरे.

## १. सुरुवातीच्या आधी: कोण, कशावर बसून वाजवणार?

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर अडकलेला असतो, म्हणून खर्ज पायाकडे देण्यात अर्थ आहे. पण मांडी घालून बसणाऱ्या बुवांना हे पेडल निरुपयोगी आहे. दशावतारातल्या पायपेटीवाल्याचे तर पाय आधीच भात्यावर असतात. तेव्हा पेटी किंवा कीबोर्ड स्टँडवर ठेवून खुर्चीवर बसणार असाल तरच पुढे जा. भजनात बुवा खाली बसणारच असतील, तर पेडल वाजवायला दुसरा माणूस स्टुलावर बसवावा लागेल. तो कोण, हे आज ठरवा.

त्या माणसाला रोजच्या खुर्चीवर अनवाणी बसवा. डावी टाच जमिनीवर टेकवून चवडा डावी-उजवीकडे फिरवायला सांगा आणि टाच थोडी सरकवून तो आरामात कुठून कुठे पोचतो ते खडूने आखा. बहुतेकांची आखणी 40 सेंटिमीटरच्या आसपास येते. चर्च ऑर्गनच्या प्रमाणित पेडलबोर्डात शेजारच्या दोन पांढऱ्यांचे मध्य एकमेकांपासून अडीच इंचांवर, म्हणजे 63.5 मिलिमीटरवर असतात. ते माप दोन्ही पायांनी वाजवणाऱ्यांसाठी आहे. पुढे ऑर्गनही शिकायचा असेल तर तेच घ्या. फक्त डाव्या पायाने सूर धरायचा असेल तर 50 मिलिमीटर पुरतं. तेरा पट्ट्यांत आठ पांढऱ्या आणि पाच काळ्या, म्हणजे 8 गुणिले 50, एकूण 40 सेंटिमीटर.

पुढची सगळी मापं 50 मिलिमीटर धरून दिली आहेत:

- पांढरी पट्टी: रुंदी 24, उंची 30, बिजागरापासून टोकापर्यंत 400 मिलिमीटर
- काळी पट्टी: रुंदी 20, उंची 30, लांबी 290 मिलिमीटर, टोकाला वरून 20 मिलिमीटर उंच ठोकळा
- पांढरी आणि काळी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना 3-3 मिलिमीटर फट

पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये, तसंच पांढरी सात आणि वरची एक यांच्यामध्ये काळी नसते. तिथे 26 मिलिमीटर मोकळी जागा राहते. ती तशीच सोडा. जागा वाया जाते म्हणून पट्ट्या जवळ आणल्या की पायाचा अंदाज कायमचा चुकतो.

तपासणी: पुठ्ठ्याच्या तेरा पट्ट्या कापून जमिनीवर चिकटवा आणि चार दिवस त्यांवर पाय चालवा. माप बदलायचं असेल तर पुठ्ठ्यात बदला.

## २. लाकूड

पट्ट्यांसाठी मुरलेला साग घ्या. नवीन साग महाग वाटत असेल तर जुन्या घराच्या उतरवलेल्या वाशांतून कापून घ्या. अनेक वर्षं छपराखाली राहिलेलं लाकूड नव्यापेक्षा कितीतरी कमी हलतं. फक्त करवतीला देण्याआधी प्रत्येक वाशावरून चुंबक फिरवा. आत तुटलेला खिळा असेल तर सुताराचं पातं जातं आणि त्याचा आपल्यावरचा विश्वासही. फणसही चालतो, पण पुरता सुकलेला हवा. आंब्याला हात लावू नका. तो वाकतो आणि त्याला भुंगा लागतो.

दांड्या लांबीच्या रेषेत कापलेल्या हव्यात. तिरकी रेषा असलेली दांडी बाजूला काढा, कितीही गुळगुळीत दिसली तरी. 24 मिलिमीटर रुंदीचा साग पावसाळ्यात फुगतो तो मिलिमीटरचा अंश. फुगण्याने पट्ट्या अडकत नाहीत, पिळण्याने अडकतात. 40 सेंटिमीटरची दांडी टोकाला दोन मिलिमीटर पिळली तरी शेजारणीला लागते. 3 मिलिमीटर फट त्यासाठी आहे. माझ्याकडे आलेल्या दोन पेडलांत ती एकच मिलिमीटर होती, कारण मालकांना ती पेटीसारखी सुबक हवी होती.

पेटीला, म्हणजे बाहेरच्या खोक्याला, 18 मिलिमीटर मरीन प्लाय वापरा. त्यावर आयएस 710 हा शिक्का असतो. आयएस 303 चा प्लाय वेगळ्या दर्जाचा. दुकानदार "तोच आहे हो" म्हणाला तरी शिक्का बघून घ्या. स्क्रू, नट, वॉशर सगळं स्टेनलेसचं. किनाऱ्यापासून पाच-सात किलोमीटर आत राहत असाल तरी झिंक लावलेल्या स्क्रूवर भरवसा ठेवू नका.

कापून आणलेल्या दांड्या घरात, सावलीत, मधे काड्या घालून रचून ठेवा, किमान दोन आठवडे. दसरा ते दिवाळी हा काळ यासाठी उत्तम. भर पावसात कापलेली दांडी नंतर आक्रसते आणि वैशाखात कापलेली नंतर फुगते.

तपासणी: दोन आठवड्यांनी प्रत्येक दांडी काचेवर ठेवून चारही कोपरे दाबा. जी डुगडुगते ती बाद. म्हणून तेराच्या जागी अठरा कापून आणा.

## ३. आधी एकच पट्टी

आमच्या वाडीतल्या सुतारकाकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आदी एक करून बघ, मगे बाकीची." मी तेव्हा ऐकलं नाही. तेरा पट्ट्यांना एकदमच भोकं पाडली आणि तेराही फुकट घालवल्या. म्हणून हा टप्पा वेगळा लिहितोय.

एका पांढऱ्या पट्टीचं पूर्ण काम करा: बिजागर, स्प्रिंग, वरचा थांबा, खालचा थांबा, स्विच (स्विचची माहिती पाचव्या भागात आहे). उरलेल्या प्लायच्या तुकड्यावर उभारा.

बिजागर. खोक्याच्या मागच्या, म्हणजे वाजवणाऱ्यापासून लांबच्या बाजूला 6 मिलिमीटरची स्टेनलेसची सळी. पट्टी तिच्यावर झुलते. लाकडात सरळ 6 मिलिमीटरचं भोक पाडू नका. पावसात ते आवळतं आणि उन्हाळ्यात खुळखुळतं. 8 मिलिमीटरचं भोक पाडून आत नायलॉनची किंवा पितळेची बुश, म्हणजे छोटी नळी, बसवा, जिच्यातून सळी अलगद फिरेल. दाराच्या साध्या बिजागऱ्या लावू नका. त्यांच्यात आडवी हालचाल असते आणि टोकाला ती कितीतरी पटींनी वाढते.

मार्गदर्शक खुंट्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंना, सळीपासून 250 मिलिमीटरवर, खोक्याच्या तळातून वर येणारे दोन बोल्ट. त्यांवर हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा, म्हणजे लाकूड आणि लोखंड एकमेकांवर घासत नाहीत. यांच्यामुळे पट्टी सरळ खाली जाते. पाय कधीच सरळ पडत नाही, त्यामुळे खुंट्या गाळून चालत नाही.

थांबे. सळीपासून 220 मिलिमीटरवर वर-खाली दोन थांबे, त्यांच्यामध्ये पट्टीला 8 मिलिमीटर हालचाल मिळेल असे. मग पांढरीच्या टोकाला साधारण साडेचौदा आणि काळीच्या टोकाला साडेदहा मिलिमीटर हालचाल येते. पायाला एवढी पुरते. थांब्यांवर पेटीवाले वापरतात तो फेल्ट लावायचा मोह होतो, पण जमिनीलगतच्या खोक्यात आमच्याकडे जुलैतच त्याला बुरशी धरते. चपलेच्या तळव्याला वापरतात ती इव्हीए शीट, 4 मिलिमीटर जाडीची, चांगली टिकते. ती दाबली जाते हे धरून 8 मिलिमीटर मोजा.

स्प्रिंग. स्टेनलेसची दाब-स्प्रिंग, पट्टीच्या खाली, सळीपासून 100 ते 140 मिलिमीटरच्या मधे कुठेतरी. वर आणि खाली दोन्हीकडे उथळ खळगा करा, नाहीतर ती सटकते. स्प्रिंगची जागा पक्की करू नका. पट्टी जड वाटली तर स्प्रिंग सळीकडे सरकवा, हलकी वाटली तर पायाकडे. दहा मिलिमीटर सरकवण्यानेही चांगला फरक पडतो, म्हणून चार प्रकारच्या स्प्रिंगा विकत घेण्याची गरज नाही.

तपासणी, बाटलीची: पांढरीच्या टोकावर अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली ठेवा. पट्टी खाली टेकता कामा नये. एक लिटरची ठेवा. पूर्ण टेकली पाहिजे. अर्ध्या लिटरला टेकत असेल तर नुसता पाय विसावला तरी सूर वाजेल. एका लिटरला टेकत नसेल तर तासाभराच्या भजनात पोटरी भरून येईल.

काळी पट्टी आखूड असल्याने तीच स्प्रिंग त्याच जागी लावली तर ती सव्वा-दीडपट जड लागते. तिची स्प्रिंग सळीच्या थोडी जवळ घ्या आणि बाटलीची परीक्षा तिच्यावर वेगळी घ्या. ही चूक मी जवळजवळ प्रत्येक पेडलात पाहिली आहे. वाजवणाऱ्याला वाटतं, काळ्या पट्ट्यांवर आपलाच पाय कमकुवत आहे.

ही एकच पट्टी रोज दाबत आठवडाभर ठेवा. करकरली, चिकटली, बाजूला गेली तर कारण इथेच शोधा.

## ४. तेरा पट्ट्या आणि खोकं

आता भोकांसाठी एक साचा करा. जाड प्लायच्या तुकड्यात 8 मिलिमीटरचं भोक आणि दोन बाजूंना अडसर, म्हणजे प्रत्येक दांडी त्यात अगदी त्याच जागी बसेल. भोक ड्रिल स्टँडवर पाडा. हातातल्या ड्रिलने पाडलेली तेरा भोकं तेरा दिशांना बघतात आणि मग सळी ठोकून घालावी लागते. ठोकून घातलेली सळी म्हणजे अडकलेली पट्टी.

रंगकाम जोडणीच्या आधी. प्रत्येक दांडीला सहाही बाजूंनी, टोकांना आणि भोकाच्या आतून पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात. नुसती वरची बाजू चमकवली तर खालून ओल शिरते आणि दांडी धनुष्यासारखी वाकते. टोकांना तिसरा हात द्या, कारण लाकूड पाणी सगळ्यात जास्त टोकांतून पितं. बुशा वार्निश सुकल्यावर बसवा.

सळीवर क्रमाने पट्टी, नायलॉनचे वॉशर, पट्टी असं ओवत जा. सळी खोक्याच्या एका बाजूने बाहेर ओढता आली पाहिजे. त्या बाजूचं भोक आरपार ठेवून वर छोटं झाकण लावा. मधली एक पट्टी काढायची वेळ येतेच, आणि सळी आत कोंडलेली असेल तर अख्खं खोकं फोडावं लागतं.

तळाला रबरी पाय आणि मागच्या कडेला खाली वळलेला एक अडसर लावा, जो खुर्चीच्या किंवा स्टँडच्या पायाला अडेल. शेणाने सारवलेल्या खळ्यात किंवा गुळगुळीत टाइल्सवर पेडल हळूहळू पुढे सरकतं आणि तिसऱ्या अभंगाला पाय पोचेनासा होतो.

सावधान: पट्ट्या बाहेर येतात त्या फटीखेरीज खोक्याला उघडी जागा ठेवू नका. आत पाली अंडी घालतात, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. बाहेर येण्याच्या फटीला आतून रबराची झालर लावा.

## ५. स्विच: चुंबक आणि रीड

उघड्या पत्र्याचे स्विच, जुन्या माउसमधले मायक्रोस्विच, पितळी पट्ट्यांचे घरगुती संपर्क, हे सगळं आमच्या हवेत एका वर्षात कुरकुरू लागतं. खारट दमट हवा उघड्या धातूवर थर धरते, मग सूर एकदा लागतो, एकदा लागत नाही. रीड स्विच म्हणजे चुंबक जवळ आला की लागणारा स्विच, पेटीतल्या रीडशी त्याचा संबंध नाही. त्याचा संपर्क काचेच्या नळीत बंद असतो, तिथे हवाच पोचत नाही. 14 मिलिमीटर लांबीचे, चुंबक नसताना उघडे राहणारे रीड घ्या, आणि 6 मिलिमीटर व्यासाचे छोटे निओडिमियम चुंबक. रीड वीस घ्या. दोन-तीन तुटणारच.

ते तुटतात तार वाकवताना. काचेलगत तार वाकवली की काचेला बारीक तडा जातो, दिसतही नाही, आणि महिन्याभराने तो रीड मरतो. काच आणि वाकवायची जागा यांच्यामध्ये चिमट्याने तार घट्ट धरा आणि चिमट्याच्या पलीकडचा भाग वाकवा.

चुंबक पट्टीच्या खाली खळग्यात इपॉक्सीने बसवा, रीड तळावर आडवा. सगळ्यात जास्त वेळ लोकांचा इथे जातो: चपट्या चुंबकाचा ध्रुव रीडच्या बरोबर मध्यावर आणला तर रीड लागतच नाही, किंवा मधेच सुटतो. चुंबक रीडच्या एका टोकाच्या वर यायला हवा. मध्यावर नको. स्विच खराब आहे असं समजून चांगले रीड फेकून दिलेले मी पाहिले आहेत.

पांढऱ्यांचे रीड सळीपासून 200 मिलिमीटरवर आणि काळ्यांचे 160 वर, अशा दोन रांगा करा. शेजारच्या चुंबकाचा त्रास टळतो. स्प्रिंगेपासूनही चुंबक तीनेक सेंटिमीटर दूर हवा. प्रत्येक रीड छोट्या प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवून त्या तुकड्याला लांबट खाच द्या, म्हणजे स्क्रू सैल करून रीड मागेपुढे सरकवता येईल. पट्टी दोन तृतीयांश खाली गेली की स्विच लागला पाहिजे. वरच लागला तर पायाच्या ओझरत्या स्पर्शाने सूर निघतो. तळाला लागला तर भरभर वाजवताना सूर गळतात.

घराच्या दाराला लावायचे अलार्मचे चुंबकी सेन्सरही आतून रीडच असतात आणि प्लास्टिकमध्ये बंद असल्याने टिकाऊ. पण त्यांच्यासोबतचा चुंबक बराच लांबून काम करतो. आपली हालचाल थोडी, त्यामुळे स्विच सतत लागलेलाच राहतो. ते वापरायचे तर त्यांचा चुंबक टाकून आपला छोटा लावा.

तपासणी: मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक पट्टी दहा वेळा हळू आणि दहा वेळा झटकन दाबा. नंतर शेजारच्या दोन्ही पट्ट्या दाबून मधल्या रीडवर बीप येत नाही ना ते बघा. तेराही पट्ट्या पास झाल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेऊ नका.

## ६. बोर्ड आणि वायरिंग

बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम चढवता येणारं छोटं सर्किट, निवडताना एकच गोष्ट बघा: त्यावर एटीमेगा 32यू4 ही चिप हवी. आर्डुइनो लिओनार्डो किंवा छोटा प्रो मायक्रो. या चिपला थेट यूएसबीवरून मिडी उपकरण म्हणून ओळख देता येते. आर्डुइनो उनो स्वस्त आणि हाताशी असतो म्हणून लोक तो घेतात, पण नेहमीच्या उनोची (आर3) मुख्य चिप यूएसबी मिडी बोलत नाही. मग मधे आणखी सॉफ्टवेअर बसवण्याची कटकट सुरू होते आणि ती फोनवर चालत नाही.

प्रो मायक्रोचा 5 व्होल्टचा प्रकार घ्या. त्याला पिना पुरेशा आहेत, डायोडची जाळी विणायची गरज नाही. 2 ते 10 या नऊ, 14, 15, 16 या तीन आणि ए-शून्य ही एक, झाल्या तेरा. ए-एक आणि ए-दोन सप्तक वर-खाली करायच्या बटणांना, ए-तीन सूर धरून ठेवायच्या बटणाला. पिन 1 मिडीच्या गोल सॉकेटसाठी राखून ठेवा.

प्रत्येक रीडचं एक टोक पिनेला, दुसरं सगळ्यांच्या सामाईक ग्राउंडला. बाहेरून रेझिस्टर नको, चिपमधला पुलअप (स्विच सुटलेला असताना पिनेला 5 व्होल्टकडे धरणारा रेझिस्टर) प्रोग्रॅममधून चालू करता येतो. वायर बारीक अनेक तारांची, शक्यतो कथिल चढवलेली. नेटवर्क केबलमधल्या एकसंध तारा वापरू नका. पेडल उचलताना-ठेवताना त्या सांध्याशी मोडतात.

सोल्डर रोझिन फ्लक्सचं. पत्र्याचं काम करणाऱ्यांकडचं ॲसिड फ्लक्स चुकूनही नको, ते तार खात राहतं. सांधे झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या आणि वरून सर्किटचं पारदर्शक लॅकर फवारा. यूएसबी सॉकेटवर आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर लॅकर आत जाऊन संपर्क तुटतो.

प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट नाजूक असतं, केबलला एक हिसका बसला की पॅडसकट उखडतं. बोर्ड खोक्याच्या खोल आत बसवा, त्यात आखूड केबल कायमची लावून ती क्लिपने तळाला आवळा आणि बाहेर पॅनेलवर बसणारं मजबूत सॉकेट आणा. ओढ बसेल ती पॅनेलवर.

गोल पाच पिनांचं मिडी सॉकेट हवं असेल तर: पिन 5 ला बोर्डाची पिन 1, मधे 220 ओहम. पिन 4 ला 5 व्होल्ट, मधे 220 ओहम. पिन 2 ग्राउंड. सॉकेटच्या 4 आणि 5 यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. मागून बघताना आकडे उलटे दिसतात.

## ७. प्रोग्रॅम

पांढरी एकला मिडी क्रमांक 36 द्या, काळी एक 37, पांढरी दोन 38, असं करत वरची पांढरी एक 48. तेरा पट्ट्या, तेरा सलग आकडे. मिडी चॅनेल 2 ठेवा, म्हणजे चॅनेल 1 वरच्या कीबोर्डच्या आवाजात खर्ज मिसळत नाही.

प्रोग्रॅममध्ये या गोष्टी हव्यातच:

- स्विचची थरथर गाळण्यासाठी 5 मिलिसेकंदांचा थांबा. 50 ठेवला तर खर्ज पखवाजाच्या मागे पडतो.
- एका वेळी एकच सूर, शेवटी दाबलेल्याचा मान. खर्जात दोन सूर एकत्र वाजले की नुसती घरघर होते. दुसरी पट्टी सोडल्यावर पहिली अजून दाबलेली असेल तर तिचा सूर परत यावा.
- दाबताना पाठवलेला क्रमांक लक्षात ठेवणं. पट्टी दाबलेली असताना सप्तकाचं बटण दाबलं, तर सोडताना प्रोग्रॅम नवीनच क्रमांक बंद करतो आणि जुना सूर अडकून वाजत राहतो. अडकलेल्या सुरांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं.
- सुरू होताना आणि सप्तक बदलताना "सगळे सूर बंद" हा संदेश, कंट्रोलर क्रमांक 123.
- सूर धरायचं बटण: एकदा दाबलेला सूर पुढची पट्टी दाबेपर्यंत चालू. आलापाच्या वेळी षड्ज धरायला हेच लागतं.

सूर सरकवायची, म्हणजे ट्रान्सपोजची सोय घालावी का? बुवा काळी चारला गात असतील आणि हात खरोखर काळी चारवरून चालत असेल, तर पायही तिथेच चालू द्या. हात एकीकडे, पाय दुसरीकडे ही सवय लावून घेऊ नका. पेटी स्केल चेंजरची असेल तर मात्र ही सोय हवी. तिथे हाताखालच्या पट्ट्याच सरकलेल्या असतात, मग पायाखालच्याही सरकल्या पाहिजेत.

सावधान: प्रोग्रॅम चढवताना बोर्डचा 5 व्होल्ट, 16 मेगाहर्ट्झ हाच प्रकार निवडा. चुकीचा निवडला तर बोर्ड संगणकाला दिसेनासा होतो. तो मेलेला नसतो. रीसेट पिन ग्राउंडला झटपट दोनदा टेकवा, पुढच्या 8 सेकंदांत योग्य प्रकार निवडून प्रोग्रॅम परत चढवा.

## ८. आवाज कुठून काढायचा

घरगुती कीबोर्डच्या मागे चौकोनी यूएसबी सॉकेट असतं. त्यात पेडलची केबल लावून काहीच वाजत नाही, म्हणून पेडल बिघडलं असं समजतात. ते सॉकेट संगणकाला जोडण्यासाठी आहे. कीबोर्ड आणि पेडल दोघेही उपकरणं, मधे बोलणारा यजमान कुणीच नाही. कीबोर्डला गोल मिडी इन असेल तर ते वापरा. नसेल तर लॅपटॉप किंवा ओटीजी केबलवर फोन. अँड्रॉइड 6 पासून पुढे मिडीची सोय आहे.

लॅपटॉपवर बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवायचा आवाजाचा तुकडा, 128 सँपल ठेवा. 48 किलोहर्ट्झला तो उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो, 512 ला जवळजवळ अकरा होतो. ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको, त्याचा उशीर ठेक्यात स्पष्ट ऐकू येतो. फोन विमान मोडवर टाका.

क्रमांक 36 चा सूर 65.4 हर्ट्झचा आहे आणि त्याखालच्या सप्तकातला 24 हा 32.7 चा. आठ इंची स्पीकरला खालचं सप्तक झेपत नाही, नुसता कागद थडथडतो. मांडवात बारा किंवा पंधरा इंची स्पीकर असेल तरच खाली जा, नाहीतर 36 वरच राहा. शुद्ध सायनसारखा गोल आवाज पखवाजाच्या धुमात बुडतो. थोडा वरचा अंश असलेला, ऑर्गनसारखा आवाज निवडा.

तपासणी: पेटीवर षड्ज धरा आणि पायाने तोच सूर द्या. दोघांच्या मध्ये हेलकावा ऐकू आला तर पेटी 440 हर्ट्झच्या प्रमाणित मेळात नाही. पेटी बदलता येत नाही, म्हणून सिंथच्या, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या ॲपच्या किंवा कीबोर्डच्या, फाइन ट्यूनमधून खर्ज हलवा, हेलकावा थांबेपर्यंत. पेटी बदलली की हे पुन्हा करायचं.

## ९. मांडवात आणि पावसाळ्यात

साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडल्यावर घूं असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा किंवा लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मधे डीआय बॉक्स (साउंडवाल्याकडचा छोटा डबा) घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलमधली ग्राउंडची जोड तोडायचं, बटण दाबा. प्लगची तिसरी पिन कापून घूं घालवणारे लोक भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका. ओल्या मांडवात, जनरेटरवर, अनवाणी पाय लाकडावर आणि लोखंडी स्क्रूवर असताना ती पिनच आपल्याला वाचवते. गडगडाट सुरू झाला की मिक्सरपासून केबल काढून ठेवा.

पेडल गाडीत नेताना पट्ट्यांवर वजन पडू देऊ नका. पट्ट्यांच्या टोकांवरून जाणारं एक लाकडी झाकण करून ते खोक्याला दोन खटक्यांनी अडकवा.

जून ते सप्टेंबर ते जमिनीवर ठेवू नका. ज्या कपाटात पेटी ठेवता, झिरोचा बल्ब लावता, तिथेच तेही ठेवा. जागा नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधून माळ्यावर, आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की गरम करून परत निळ्या करा. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून प्रत्येक पट्टी वीस वेळा दाबा. एखादी सावकाश वर येत असेल तर सळीवर तेल सोडू नका. तेलात धूळ बसते आणि महिन्याभरात तिचा लेप होतो. सळी बाहेर ओढा, कोरड्या फडक्याने पुसा, पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा आणि परत ओवा. गणपतीच्या आधी दोन आठवडे बाटलीची परीक्षा सगळ्या पट्ट्यांवर एकदा परत घ्या.